फड सुटल्यानंतरची वर्षं



१९५५ साली मुंबई राज्याच्या पोलीस दलात २९ वर्षांचा एक फौजदार रुजू झाला. तीनच वर्षांपूर्वी कराड स्टेशनपासून याच माणसाची मिरवणूक निघाली होती. तिच्यात १५१ बैलगाड्या होत्या, असं आजही सांगतात. कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचे हे खाशाबा दादासाहेब जाधव. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा पहिला खेळाडू, आणि दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडलं.

खाशाबांची कुस्ती आपल्या कराड-पाटण भागात पोराटोरांना पाठ आहे. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची आणि कमरेच्या हिसक्यासरशी त्याला उलथवून टाकायचं, हा त्यांचा ढाक. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले. पुढच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढे गेले. पुढच्या दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती त्यांच्या हक्काची होती. ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकल्या अंगाने ते पुन्हा गादीवर उतरले आणि हरले. पदक घेऊन परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. पदकाची पहिली कमाई अशी कर्जफेडीत गेली.

गुडघा दुखावला आणि १९५६ चं ऑलिंपिक हुकलं. खाकी वर्दी मात्र एकूण २७ वर्षं अंगावर राहिली. पोलिसांच्या स्पर्धा ते जिंकत राहिले, पोरांना शिकवत राहिले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. हेलसिंकीत बाजू मांडायला कुणी नव्हतं, इथेही नव्हतं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. खाशाबांना तो मिळाला २००० सालचा, मरणोत्तर. निवृत्त पदकविजेत्यांसाठी केंद्र सरकारची पेन्शन योजना आली १९९४ मध्ये. आता त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, महाराष्ट्र राज्य क्रीडा दिन पाळतो. हा मान रास्तच आहे. पण तो माणूस हयात असताना यातलं काहीही त्याच्या हाती पडलं नाही, हे विसरून चालणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचंही उदाहरण पाहा. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. आधीचा बॉक्सर पोहायला लागला. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला, पॅरालिंपिकमध्ये, ५० मीटर फ्रीस्टाईल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार करून सुवर्णपदक मिळवलं. त्यानंतरचा संसार चालला तो पुण्याच्या टेल्कोतल्या नोकरीवर. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. पदकानंतर तब्बल ५२ वर्षांनी.

पैसा जिथे पाण्यासारखा वाहतो त्या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही म्हातारपणाची सोय आपोआप झालेली नाही. तिथे १९६७ ते १९७६ या काळात एबीए नावाची एक वेगळी लीग चालत होती. तिचे चार संघ एनबीए या मुख्य लीगमध्ये सामील झाले आणि बाकीची लीग मोडली. तिच्या अनेक खेळाडूंची उतारवयात औषधपाण्यापर्यंत आबाळ झाली. २०२२ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, एनबीए आणि तिथली खेळाडू संघटना यांनी अशा सुमारे ११५ जणांसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. तोवर त्यांचे कितीतरी जोडीदार गेले होते. याच संघटनेने २०१६ मध्ये मात्र एक फार चांगलं काम केलं. किमान तीन वर्षं खेळलेल्या जुन्या खेळाडूंच्या आरोग्य विम्याचा खर्च आजच्या खेळाडूंनी एकमताने उचलला. खेळणाऱ्यांनी, कमाई चालू असतानाच, खेळून गेलेल्यांसाठी पैसे बाजूला काढले.

हा विचार आपल्या पाटण तालुक्याला परका नाही. अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. इथली माणसं मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहत होती. पाठ चालते तोवर मजुरी, पाठ गेली की गाव. अण्णासाहेबांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये हमालांसाठीचा माथाडी कायदा झाला. मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालकाने माथाडी मंडळाकडे भरायची आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवापाणी. अंगमेहनतीची वर्षं मोजकी असतात, हे ओळखून केलेला हा कायदा आहे. पैलवानही शरीरावरच जगतो. त्याचा खुराक महागडा, कमाईची वर्षं हमालापेक्षाही थोडी, आणि गुडघा किंवा खांदा निखळला की तालमीचा वस्ताद होणं किंवा शेतावर परतणं एवढेच रस्ते उरतात. हमालाला मिळालेलं संरक्षण त्याच्या वाट्याला आलं नाही.

शासनाचं मानधन आहे, पण ते किताब मिळवलेल्यांना आणि अर्ज मंजूर झालेल्यांना. जत्रांच्या फडात वर्षानुवर्षं लढलेल्या साध्या मल्लाचं काय? फडाचा पैसा तर गावातूनच उभा राहतो. होळीनंतर यात्रा कमिट्या बसतात. वर्गणी किती, पहिल्या नंबरच्या कुस्तीला इनाम किती, हलगीवाल्याचे किती, हे सगळं तिथे ठरतं. त्याच बैठकीत प्रत्येक इनामामागे शेकडा दोन रुपये वेगळे काढायचे, तालुक्यातल्या सगळ्या फडांचे ते पैसे एका खात्यात जमा करायचे, लढणाऱ्या पोरांचा अपघात विमा त्यातून भरायचा आणि उरेल ते म्हाताऱ्या पैलवानांच्या औषधपाण्याला ठेवायचं. याला नव्या कायद्याची गरज नाही. कमिटीच्या वहीत एक रकाना वाढवला आणि चार गावांनी मिळून खजिनदार नेमला, की येत्या हंगामापासून सुरुवात करता येईल.