घर-जमिनीतील पहिली गुंतवणूक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



हा विषय शिक्षकाच्या तोंडी शोभेल काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु घर-जमीन घेण्यास मुख्यतः गणित व वाचन लागते, आणि तेच शिकविण्यात आमची हयात गेली.

प्रथम गणित. समजा, भाड्याने देण्यासाठी ५० लाखांची सदनिका घेतली आणि भाडे दरमहा १२,००० रुपये ठरले. वर्षाचे १,४४,००० झाले, असे दलाल सांगतो. परंतु भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहिले, तर १२,००० गेले. देखभालीचे ३०,००० व मालमत्ता कराचे ६,००० वजा करा. हाती राहतात ९६,०००, म्हणजे द. सा. द. शे. दोन रुपयेदेखील नव्हेत! मुद्रांक शुल्क तर अजून हिशेबात धरलेलेच नाही. कर्ज काढले असल्यास बँकेचे व्याज याच्या कितीतरी पट. बाकी सारी भिस्त किंमत वाढण्यावर. म्हणून तरुणांनी आधी राहते घर करावे. भाड्याच्या घराचा विचार मागाहून.

आता वाचन. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून शहराबाहेर शेतजमिनीतील दोन गुंठ्यांचा ‘प्लॉट’ घेतला. हाती पडला तो नोटरीपुढे केलेला कागद व एक कुलमुखत्यारपत्र. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच राहिले. आज तेथे घर बांधता येत नाही आणि गिऱ्हाईकही मिळत नाही. गृहस्थ अडाणी नव्हते, हिशेबात तर चोख. त्यांनी सातबारा मागितला नाही, कारण दलाल आपल्याच ज्ञातीतला होता. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे त्यांना वाटले. हा संकोच आपल्यात फार आहे, म्हणून या व्यासपीठावरून स्पष्ट बोलणे भाग आहे. सोयरिकीत आपण दहा ठिकाणी चौकशी करतो; मग येथेच लाज का वाटावी?

स्थावराचे खरेदीखत १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदविलेच पाहिजे. केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची बंधने आहेत. त्यांत वेळोवेळी फेरबदल झाले, म्हणून आजचा नियम तलाठ्याकडे व वकिलाकडे विचारावा. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश आणि सूची क्रमांक दोन हे कागद पाहिल्याविना इसार देऊ नये.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीविषयी थोडेच सांगतो. २०१६ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महारेरा’ प्राधिकरण आहे. नोंदणीयोग्य प्रकल्पाचा क्रमांक तेथे पाहता येतो. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या शेकडा १० हून अधिक रक्कम बांधकाम व्यावसायिकास घेता येत नाही, आणि ग्राहकांच्या पैशांपैकी शेकडा ७० वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. तो मागेल तितके आगाऊ देणारे बंधू मात्र आजही भेटतात.

वकिलाची फी अनेकांना जड वाटते. दोन-तीन कुटुंबांनी एकाच ठिकाणी भूखंड पाहिले असतील, तर मूळ मालकीचा शोध एकत्र करवून घ्यावा. खर्च वाटला जाईल. कागद नुसते वाचून हवे असतील, तर ते घेऊन आमच्याकडे खुशाल यावे. मात्र इसार देण्याआधी यावे.