पट्ट्यावरची मोटार कितपत टिकते?



शहरांतून निवृत्त होऊन माकुणसार, केळवें, सफाळें ह्या आमच्या बाजूला राहावयास येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न अलीकडे वारंवार कानांवर येतो. गुडघा दुखतो, डाव्या पायानें क्लच दाबवत नाहीं, म्हणून आपोआप गति बदलणारी मोटार घ्यावयाची आहे. परंतु 'सीव्हीटी' म्हणून जो प्रकार विक्रेते पुढें करतात, तो टिकतो कीं नाहीं? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. ही यंत्रणा बिघडली तर पुष्कळदां सबंधच बदलावी लागते, आणि तो खर्च लाखाचा आंकडा सहज गांठतो. पेन्शनीवर चालणाऱ्या घरास हा धक्का लहान नव्हे.

हें यंत्र आहे तरी काय? ज्यांनीं जुनी भाताची गिरण पाहिली असेल, त्यांना एका चाकावरून दुसऱ्या चाकावर फिरणारा पट्टा आठवेल. चाक लहान घेतलें तर गति एक, मोठें घेतलें तर दुसरी. सीव्हीटीमध्यें प्रत्येक चाक दोन निमुळत्या तबकड्यांचें असतें. तबकड्या जवळ आल्या कीं पट्टा त्यांच्या उतारावरून वर चढतो, दूर सरल्या कीं खालीं बसतो. म्हणजे फिरतां फिरतां चाकच जणुं लहानमोठें होतें. येथें गिअरच्या पायऱ्या नाहींत, सगळी उतरण आहे. १९५८ सालीं हॉलंडमधील डाफ कंपनीनें रबरी पट्ट्यांची अशी मोटार जगापुढें मांडली. ती पुढें धांवे तितक्याच वेगानें मागेंहि धांवूं शके, आणि डच लोकांनीं पुढें तिच्या उलट्या शर्यती लावल्या! १९८७ सालीं सुबारूच्या जस्टी गाडींत पोलादी पट्टा आला. कड्यांवर ओंवलेल्या शेंकडों पातळ पोलादी चकत्यांचा हा पट्टा एक चकती दुसरीस ढकलीत शक्ति पोंचवितो.

आपणांपैकीं अनेकांनीं हें तत्त्व वापरलेलें आहे. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा ह्यांच्या १९८४ सालच्या भागीदारींतून निघालेली बिनगिअरची स्कूटर ह्याच जातीची, आणि आजची ॲक्टिव्हाहि. स्कूटरचा रबरी पट्टा झिजला कीं आपण मुकाट्यानें नवा बसवितों. त्यावरून स्कूटरला कोणी बेभरंवशाची म्हणत नाहीं. मोटारीचा पट्टा मात्र बंद पेटींत, तेलांत असतो, आणि जें दिसत नाहीं त्याची निगा राहात नाहीं.

सारा खेळ पकडीचा आहे. तेलानें यंत्र थंड ठेवावें, झीज थांबवावी, आणि तरीहि पट्टा घसरूं देऊं नये, अशी विचित्र अपेक्षा असल्यामुळें ह्या यंत्रास निराळेंच तेल लागतें. तें जुनें झालें, किंवा भलतेंच ओतलें, कीं पकड सुटते, तबकड्यांवर चरे पडतात, आणि लोखंडाचा कीस सर्वत्र फिरूं लागतो. हें तेल आयुष्यभर बदलावें लागत नाहीं असें सांगणारे मिस्त्री भेटतात. आयुष्य कोणाचें, गाडीचें कीं तेलाचें, हें त्यांना विचारून घ्यावें.

दुर्लौकिकास कारणेंहि आहेत. अमेरिकेंत निस्सान कंपनीनें आपल्या २००३ ते २०१० सालच्या सीव्हीटी गाड्यांची हमी १० वर्षें किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवून दिली. तक्रारींवांचून कोणी असें करीत नाहीं. परंतु एका घराण्याच्या गाड्यांवरून सर्व जातीस दोष देणें मला मान्य नाहीं. शिवाय नांवांचा घोटाळा आहे. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड गाडींत 'ई-सीव्हीटी' असते. तींत पट्टाच नाहीं, दंतचक्रें व विजेच्या मोटारी आहेत. तिचें यश पट्ट्याच्या गाडीच्या खात्यावर मांडूं नये.

आमच्या भागांत तीन प्रसंग जपण्याचे. वरई फाट्याहून सफाळ्यास येतांना तांदुळवाडीच्या घाटांत गाडी थांबली, तर ती ब्रेकवर धरावी, ॲक्सिलरेटरवर तोलून धरूं नये. केळव्याच्या वाळूंत चाक रुतल्यास तें गरगर फिरवूं नये. तें एकाएकीं धरतें तेव्हां सगळा हिसका पट्ट्याला बसतो. आणि बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढूं नये. इंजिन बंद असलें कीं तेलाचा पंप फिरत नाहीं, आणि चाकांबरोबर आंतले भाग कोरडेच घासतात.

जुनी गाडी घेणाऱ्यानें रंग व गाद्या पाहण्याआधीं तेलबदलाच्या पावत्या मागाव्या. त्या नसतील तर किंमत कितीहि उतरो, मी ती गाडी घेणार नाहीं. पावत्या असल्या तरी गाडी अर्धा तास चालवून पाहावी. यंत्रणा तापल्यावर दोष उघडा पडतो. वेग वाढवितांना इंजिनाचा आवाज आधीं चढतो व गाडी मागाहून वेग घेते, हा तिचा स्वभाव आहे. परंतु सपाट रस्त्यावर पाय स्थिर असतां इंजिनाचे फेरे आपोआप वरखालीं होऊं लागले, किंवा सुटतांना गाडी थरथरली, तर किल्ली मालकाच्या हातीं परत द्यावी.