निवृत्तांचे घर, दवाखान्याची तारीख आणि नाताळची तयारी

(लोणखेडा येथे वडीलधाऱ्या मंडळींसमोर केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या वर्षी बोलण्याकरिता मजकडे जो विषय आला आहे, तो दिसावयास अगदी किरकोळ आहे. कामधंद्यातून मोकळ्या झालेल्या माणसाचे घर, त्याचे औषधपाणी आणि त्याच्या घरची सणाची तयारी, एवढाच तो विषय. परंतु आज येथे जी पांढऱ्या केसांची मंडळी समोर बसली आहेत, त्यांच्या आयुष्याचे सुखदुःख हल्ली याच तीन गोष्टींत साठलेले असते, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणून मोठाल्या गोष्टी बाजूस ठेवून घरातल्याच चार गोष्टी बोलण्याची परवानगी असावी.

आपले लोणखेडे शहाद्यास लागून आहे. येथे पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-महाविद्यालयांचा परिसर आहे, जवळच पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना आहे, आणि चहूंकडे ऊस, केळी, पपई. म्हणून आपल्यात कोणी शाळेच्या घंटेवर आयुष्य काढले, कोणी कारखान्याच्या पाळ्यांवर, कोणी एस. टी.च्या वेळापत्रकावर, तर कोणी दुसऱ्याच्या मळ्यात सूर्याकडे पाहून. सरकारी शिक्षकास अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती मिळते आणि हार घालून घरी पोहोचविण्यात येते. मळ्यातल्या मजुरास कोणी हार घालीत नाही. गुडघे उत्तर देतात तोच त्याच्या निवृत्तीचा दिवस. पण दोघांचीही अवस्था पुढे एकच होते. पहाटे चारला जाग येते आणि उठून कोठे जावयाचे नसते. जी घंटा आपणांस इतकी वर्षे जाचत होती, तीच दिवसाला आकार देत होती, हे ती थांबल्यावर कळते.

अशा वेळी दिवसाचा आकार आपला आपणच घडवावा लागतो. सकाळी ऊन फार चढण्यापूर्वी चालणे, ठरलेल्या वेळी न्याहारी आणि तिच्या जोडीने गोळी, दुपारी थोडी विश्रांती, संध्याकाळी नातवंडांचा अभ्यास आणि मग जपमाळ. याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही. प्रत्येक घराची रीत निराळी आणि ती ज्याची त्याने बसवावी. माझे म्हणणे पुढे आहे. या नेमात आपण देवळाची वेळ पाळतो, बाजाराचा वार पाळतो, लग्नाची तिथी तर विसरतच नाही. परंतु डॉक्टरांनी दिलेली तारीख तेवढी पुढे ढकलतो. आणि ती सर्वांत अधिक कधी ढकलली जाते म्हणाल, तर नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत.

या दोन महिन्यांत आपल्या घरी किती गोष्टींची गर्दी होते ते पाहा. दिवाळी सरते न सरते तोच डोंगरपट्ट्यातील आणि गावोगावची मजूर कुटुंबे ऊसतोडीस व इतर कामास गुजरातेकडे बाहेर पडतात आणि लेकरे आजीआजोबांच्या हवाली होतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सरकारी नोकरास नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. मार्गशीर्ष पौर्णिमेस सारंगखेड्याची दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा दोंडाईच्याच्या रस्त्यावरील गाड्यांत पाय ठेवावयास जागा मिळत नाही. त्यातच खानदेशची थंडी उतरते. आणि आपल्या घरी आगमनकाळाचे चार रविवार भराभर सरून नाताळ उंबऱ्याशी येतो. घर सारवणे, चुना लावणे, गोठा बांधणे, चांदणी टांगणे, करंज्या, शंकरपाळे, चकल्या. आणि सुरतेहून, पुण्याहून मुले येणार! अशा धांदलीत ‘डॉक्टरांना काय, नाताळ झाल्यावर दाखवू’ असे म्हणावयास कितीसा वेळ लागतो?

पण शरीर पंचांग पाहत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, ही वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेली गोष्ट आहे. म्हणजे ज्या महिन्यात आपण तपासणी टाळतो, नेमका त्याच महिन्यात तिची गरज अधिक. रक्तदाबाचा दुसरा दुर्गुण असा की तो दुखत नाही. दाढ दुखली तर माणूस मध्यरात्री दार ठोठावतो. दाब वाढला तर तो चकल्या तळीत बसतो. पुष्कळजण बरे वाटू लागताच गोळी सोडतात, पण बरे वाटते ते गोळीमुळेच, हे ध्यानात घेत नाहीत. दाब मोजून घेताना घाईने जिना चढून लगेच हात पुढे करू नये. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे. चहा आणि तंबाखू त्याआधी अर्धा तास वर्ज्य करावा. असा शांतपणे मोजलेला आकडा वारंवार 140 आणि 90 च्या वर जात असेल, तर तो अंगावर काढण्याचा विषय नव्हे.

साखरेच्या रोग्यास फराळाचे भय सर्वजण घालतात. घरात करंजीचे ताट फिरू लागले की सूनबाई आजीपुढून ते झर्रकन पुढे नेते. याबद्दल मी सूनबाईस दोष देत नाही. पण मिठाकडे कोणाचे लक्ष जाते? जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसास दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही न भरेल, इतकेच मीठ सांगितले आहे. चकली, शेव, पापड, लोणचे आणि वर आपली खानदेशी झणझणीत भाजी, एवढे एका दिवशी पोटात गेल्यावर हिशेब कोठे राहिला? गोड टाळून तिखटमिठावर ताव मारणारा आजोबा पथ्य पाळल्याच्या समाधानात असतो आणि त्याचा दाब मात्र वर चाललेला असतो. मी सणाला उपाशी राहा म्हणत नाही. एक करंजी सर्वांबरोबर बसून उघडपणे खावी. कोठीच्या अंधारात चार खाऊ नयेत. आणि लक्षात ठेवा, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी निघाली आहे. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी कडकडीत पथ्य पाळून डॉक्टरांस फसविण्याचा जुना उपाय आता चालत नाही!

उपासाविषयीही येथेच सांगितले पाहिजे, कारण आपल्या म्हाताऱ्या बायका या बाबतीत फार हट्टी. 1983 च्या धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे एकोणसाठ वर्षे पुरी झालेल्यास उपासाचे बंधन राहत नाही. कम्युनियनपूर्वीचा उपास पूर्वी मध्यरात्रीपासून असे, आणि 1953 पर्यंत पाण्याचा घोटही चालत नसे. 1964 पासून तो एका तासावर आला. पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही, आणि वृद्ध व आजारी माणसांस त्या एका तासाचीही सक्ती नाही. साखरेची गोळी किंवा सुई घेऊन जो उपाशीपोटी मिस्साला उभा राहतो, त्यास दरदरून घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाने खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि वेळेवर तोंडात टाकावी. यात पाप नाही.

आता मोतीबिंदूकडे वळतो, कारण आमच्या आळीतील निम्म्या आज्या त्याच्याच प्रतीक्षेत आहेत. ‘अजून पिकला नाही, पिकू दे’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आजच्या शस्त्रक्रियेस मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. दिसण्याने रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ती करता येते, आणि बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. ती थंडीतच केली पाहिजे असेही नाही. पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यात पाणी, धूळ, धूर जाऊ देता येत नाही. तेव्हा डिसेंबरच्या मध्यावर शस्त्रक्रिया करून घेऊन आठव्या दिवशी चुलीपुढे बसणारी आजी डॉक्टरांची सर्व मेहनत वाया घालवील. एकतर नोव्हेंबरच्या आरंभी मोकळे व्हावे, नाहीतर जानेवारीचा दिवस आजच मागून ठेवावा आणि या नाताळला करंज्या लेकीसुनांच्या हाती सोपवाव्यात. त्यांच्या करंज्यांची मुरड थोडी वाकडी येईल. येऊ द्या.

आणखी एक धोका आहे, तो शिडीचा. चांदणी टांगावयास, जळमटे काढावयास आणि भिंतीच्या वरच्या अंगास चुना लावावयास घरातील म्हाताराच पुढे होतो, कारण इतकी वर्षे तेच काम त्याचे होते. स्टुलावरून पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते, आणि या वयात मोडलेला खुबा माणसास महिनेन्‌महिने अंथरुणास खिळवितो. आजोबांनी खाली उभे राहून ‘जरा डावीकडे, जरा उजवीकडे’ एवढे सांगावे. हे पदही काही कमी मानाचे नाही.

परंतु या सर्वांहून मनास अधिक लागणारी गोष्ट निराळीच आहे. सुरतेहून मुलाचा फोन येतो, ‘आबा, तब्येत कशी शे?’ आबा म्हणतात, ‘बरी शे, बरी शे.’ पायाची सूज, रात्रीची धाप, आठ दिवसांपूर्वी संपलेली गोळी, यांतील एक अक्षर तोंडातून निघत नाही. मुलगा वर्षातून तीनचार दिवस येणार, त्याचा सण आपल्या दुखण्याने कशास नासवावा, असा त्यामागे विचार असतो. या विचारात माया आहे, हे मी नाकारीत नाही. पण तिचा परिणाम काय होतो? ऐन नाताळात दुखणे उसळते, 25 डिसेंबरला सुटी असल्यामुळे बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, नेहमीचे डॉक्टर भेटत नाहीत, आणि 108 क्रमांकाची गाडी बोलावून नंदुरबारकडे धाव घ्यावी लागते. मुलाचे चारही दिवस दवाखान्याच्या बाकावर जातात. आधी सांगितले असते, तर त्याने एक दिवस अगोदर येऊन आबांस तपासून आणले असते आणि उरलेले दिवस दोघेही अंगणात ऊन खात बसले असते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरात सणाची यादी होते. किती रवा, किती खोबरे, कोणास कपडे. त्याच कागदाच्या माथ्यावर दवाखान्याची तारीख लिहावी, आणि ती पंधरा डिसेंबरच्या अलीकडची असावी. यात्रेचे दिवस तेवढे टाळावेत. औषधे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरतील इतकी आणून ठेवावीत. जाताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि विचारावयाचे प्रश्न एका पिशवीत घ्यावेत, कारण डॉक्टरांपुढे बसल्यावर निम्मे आठवत नाही. बरोबर घरचे एक माणूस असावे, आणि त्याच्यासमोर खरे बोलावे.

खर्चाची अडचण मी जाणतो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या पुष्कळांच्या हाती पडणारे वेतन फारच तुटपुंजे असते. 1995 च्या भविष्य-निधी निवृत्तिवेतन योजनेत 2014 साली किमान रक्कम ठरली ती महिना एक हजार रुपये! तीत घर चालत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. म्हणूनच ज्या सवलती आहेत त्या सोडू नयेत. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस. टी.चा प्रवास राज्यात विनामूल्य झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयास अर्धे भाडे आहे, आणि मार्च 2023 पासून स्त्रियांस वयाची अट न घालता अर्धे भाडे लागू झाले. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांची सोय झाली. मात्र ती दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांकरिता आहे. रोजच्या गोळ्या तीत येत नाहीत, म्हणून त्या सरकारी दवाखान्यातून वेळेवर आणाव्यात. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा हयातीच्या दाखल्याच्या यंत्रावर उमटत नाही. 2021 पासून चेहरा दाखवूनही तो दाखला देता येतो. घरातील शिकलेल्या नातवास फोन घेऊन जवळ बसवावे, म्हणजे शहाद्याची एक खेप वाचेल, आणि ती वाचलेली खेप दवाखान्याच्या कामी येईल.

नाताळच्या रात्रीविषयी थोडे सांगून पुरे करतो. रात्रीच्या मिस्साला यावयाचे तर कान झाकून, पायात मोजे घालून यावे. साखरेच्या रोग्याने अनवाणी तर मुळीच येऊ नये. रात्रीची गोळी घेऊनच निघावे. ज्यांस गुडघे टेकवत नाहीत त्यांनी बसून राहावे, कोणी नावे ठेवणार नाही. ज्यांस थंडी सोसत नाही त्यांनी सकाळच्या मिस्साला यावे; ती काही दुय्यम नव्हे. आणि ज्या घरी अंथरुणास खिळलेले माणूस असेल, त्या घरच्यांनी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारपर्यंत त्याचे नाव व घराची खूण फादरसाहेबांकडे देऊन ठेवावी, म्हणजे सणापूर्वी त्याच्या घरी कम्युनियन पोहोचविता येईल. नाव देताना तो कोणत्या वेळी जागा असतो तेही सांगावे.