घराजवळचें दर्शन

प्रवासाची हौस माणसाला उपजतच असते. सुटी लागली कीं शहरांतील कुटुंबें काश्मीरला, केरळला किंवा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणीं जातात आणि परततांना शेंकडों छायाचित्रें घेऊन येतात. त्यांत हिमशिखरें असतात, समुद्र असतो, राजवाडे असतात. परंतु ज्या गल्लींत मुलें वाढलीं, ज्या बाजारांतून रोजची भाजी घरांत आली, ज्या तळ्याकाठीं संध्याकाळ घालविली, त्यांचें एकही चित्र त्या संग्रहांत बहुधा आढळत नाहीं. जें रोज दिसतें तें पाहण्यासारखें नसतें, अशी आपली समजूत झालेली असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा थोडा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे. उदाहरणासाठीं महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाचा गोंदिया जिल्हा घेतला आहे.

छायाचित्रणाची कला आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. त्या काळीं एक चित्र घेणें म्हणजे रसायनें, कांचा आणि जड पेटारे यांचा मोठा खटाटोप असे. आज तें यंत्र खिशांतल्या मोबाईलमध्यें येऊन बसलें आहे. साधन सुलभ झालें. दृष्टि मात्र अजून दूरच्याच देखाव्यांकडे लागलेली आहे.

या बाबतींत पॅरिस शहरांतील युजीन आत्जे या गृहस्थाचें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७ सालीं मृत्यु येईपर्यंत हा मनुष्य अवजड कॅमेरा व कांचा घेऊन आपल्याच शहरांत फिरत राहिला. दुकानांच्या दर्शनी बाजू, जिन्यांचे कठडे, फेरीवाले, जुन्या वाड्यांचीं अंगणें, हेच त्याचे विषय. आपल्या चित्रांना तो दस्तऐवज म्हणत असे. पुढें त्या जुन्या शहराचा पुष्कळ भाग नाहींसा झाला. तो कसा होता हें जाणावयाचें तर आज त्याच्याच कांचांकडे वळावें लागतें.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड, मध्यें धानाचीं शेतें, तळीं आणि जंगल, असा हा आठ तालुक्यांचा मुलूख. गोंदियाहून नैनपूरकडे व पुढें जबलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाली. एकविसाव्या शतकांत तो मार्ग टप्प्याटप्प्यानें रुंद झाला, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण ज्या घरांच्या मागून ती गाडी रोज जात असे, त्या घरांच्या आल्बमांत लग्नामुंजींचीं चित्रें सांपडतील. गाडीचें सांपडेल कीं नाहीं याची शंकाच आहे. रोजची गोष्ट उद्यांही असणार, या भरंवशावर माणूस राहतो, आणि एके दिवशीं ती गोष्ट नसते.

पाहणाऱ्याला या जिल्ह्यांत वर्षभर विषयांची वाण पडत नाहीं. चैत्रांत मोहाच्या झाडांखालीं बायकामुलें टोपल्या घेऊन फुलें वेंचतात. ऊन चढण्यापूर्वींच तें काम बरेंचसें आटोपतें, म्हणून ज्याला तें पाहावयाचें असेल त्यानें अंथरूण लवकर सोडलें पाहिजे. वैशाखांत तेंदूच्या पानांचे पुडे बांधले जातात आणि खरेदीच्या जागीं उन्हांत ओळीनें मांडले जातात. त्याच पानांच्या विड्या पुढें घराघरांतील ओसरीवर, मांडीवरच्या सुपांत वळल्या जातात. आषाढांत रोवणी सुरू होते. चिखलानें भरलेल्या बांधींत बायकांची रांग रोपें लावीत लावीत मागें सरकते, आणि तिच्यापुढें हिरवी शेती उभी राहत जाते. दिवाळीच्या सुमारास तेंच शेत पिवळें होतें, मग खळें, मग तांदळाची गिरणी. शहरांतील ताटांतला भात या सर्व हातांतून आलेला असतो. हे हात ज्या मुलांनीं पाहिलेच नाहींत त्यांना ताटांत अन्न टाकूं नये हा उपदेश पोंचावा कसा?

घराजवळच्या एका तळ्याकाठीं किती ज्ञान सांठलेलें असतें, हें मारुती चितमपल्ली यांच्या उदाहरणावरून कळतें. वनाधिकारी म्हणून त्यांनीं अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील नवेगांव बांध येथें बरींच वर्षें काढलीं. तेथील माधवराव पाटील यांच्या सहवासांत त्यांनीं पाखरें, मासे व झाडें यांचीं नांवें आणि संवयी जाणून घेतल्या, आणि त्यांतून मराठी वाङ्मयाला मोलाचीं पुस्तकें लाभलीं. २०२५ सालीं चितमपल्ली निवर्तले. माधवरावांसारख्या माणसांनीं तें ज्ञान कोणत्याही शाळेंत मिळविलें नव्हतें. रोजच्या पाण्याकडे रोज लक्ष देऊन मिळविलें होतें.

नवेगांवचा तो विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला असें सांगतात. कोहळी समाजानें बांधलेलीं अशीं तळीं या मुलखांत गांवोगांव आहेत. मालगुजारी १९५१ सालीं संपली, तळीं सरकारकडे आलीं आणि त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यांत मामा तलाव, हें नांव पडलें. धानाला पाणी, ढिवरांना मासे व शिंगाडे, गुरांना पिणें, हें सर्व त्यांच्यावर चालतें. परंतु अनेक तळ्यांत गाळ भरला आहे, कांठानें बेशरमाचीं झुडपें माजलीं आहेत, कोठें अतिक्रमण झालें आहे. येथें छायाचित्राचा उपयोग करमणुकीपलीकडे जातो. पाळीवरील एकाच ठरलेल्या जागेवरून, दर वर्षीं त्याच तिथीला, एकच चित्र घेत गेल्यास दहा वर्षांत त्या तळ्याची कुंडली तयार होते. पाणी कोठवर होतें, झुडपें कोठवर आलीं, बांध कोठें खचला, याविषयीं मग ग्रामसभेंत वाद घालण्याचें कारण उरत नाहीं. हें काम एखाद्या शाळेचा वर्ग सहज करूं शकेल.

याच पाण्याच्या आधारानें सारस पक्षी राहतो. महाराष्ट्रांत तो टिकून आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांत, आणि त्याची संख्या दोन-चार डझनांच्या पलीकडे नाहीं. उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच. उभा राहिला म्हणजे पांच-सहा फूट भरतो. अंग राखी, डोकें व मानेचा वरचा भाग लाल. जोडी बहुधा जन्मभर एकत्र राहते, आणि पावसाळ्यांत पाणथळ जागीं किंवा भर धानाच्या बांधींत घरटें करते. त्या घरट्यापायीं शेतकऱ्याचें थोडें पीक जातें. तो तें सोसतो, म्हणून तर पिल्लें वाढतात. अशा घरट्याचें चित्र घेण्याच्या हौसेनें कोणी बांधावरून जवळ गेला, तर जोडी उठून दूर होते आणि उघडीं पडलेलीं अंडीं कावळ्यांच्या भक्ष्यस्थानीं पडतात. जें चित्र घेण्यानें चित्रांतील वस्तूच नष्ट होईल, तें न घेणें हाच सुज्ञपणा होय. दुरून, शेतमालकास विचारून, जेवढें दिसेल तेवढ्यावर समाधान मानावें.

माणसांच्या बाबतींतही हाच नियम आहे. बाजारांत बसलेली म्हातारी ही देखावा नव्हे. “मावशी, एक फोटो घेऊं का?” एवढें विचारण्यास क्षणभरच लागतो. नाहीं म्हणाली तर नमस्कार करून पुढें जावें. हो म्हणाली तर चित्राची एक प्रत पुढच्या बाजाराच्या दिवशीं तिच्या हातीं द्यावी. प्रत दिल्यानें ओळख वाढते, आणि ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा येतो तो परक्यापुढें कधींच येत नाहीं. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहांकडे गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. तेथें जाणाऱ्यानें तर आपण दुसऱ्याच्या देवघरांत उभे आहों याची विशेष जाणीव ठेवावी.

तंत्राविषयीं फार सांगण्याची गरज नाहीं. भर दुपारचें ऊन टाळावें. सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश साध्या भिंतीलाही रूप देतो, आणि पावसाळी अभ्राचा मंद प्रकाश चेहऱ्यांना फार चांगला. मूल टिपावयाचें तर त्याच्या उंचीइतकें खालीं बसावें. एका ठिकाणीं दहा चित्रें घेण्याऐवजीं दहा मिनिटें उभें राहून एक घ्यावें.

सर्वांत मोठी उणीव असते ती नोंदीची. मोबाईलमध्यें हजारों चित्रें सांठतात आणि यंत्र बिघडतांच नाहींशीं होतात. उरलीं तरी वीस वर्षांनीं त्यांतील माणसें कोण, गांव कोणतें, हें सांगणारा कोणी उरत नाहीं. यास्तव दर महिन्यास चार-पांच चित्रें निवडावीं, कागदावर छापून घ्यावीं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें तारीख, ठिकाण, माणसाचें नांव व चाललेलें काम पेन्सिलीनें लिहावें. घरांतील वडीलधाऱ्यांना तीं दाखवावीं. ते एखाद्या चित्रावर बोट ठेवून त्या वाड्यांत पूर्वीं कोण राहत असे, त्या विहिरीला पाणी कसें होतें, हें सांगूं लागतात. तेंही तेथेंच टिपून ठेवावें.

येत्या रविवारीं ज्या घरांतून हें भाषण ऐकलें जाईल, तेथील मुलांना दूरच्या सहलीऐवजीं घरापासून कोसभराच्या आंत एक फेरी घडवून पाहावी. कोपऱ्यावरचा चांभार, नदीचा घाट, पिठाची गिरणी, पिंपळाचा पार, यांतील काय उद्यां राहील आणि काय जाईल, हें कोणालाच ठाऊक नाहीं. म्हणूनच तें आज नीट पाहून घेतलें पाहिजे.