हिप-हॉपचा जलसा कां फसतो?

आवडत्या गायकाचें मुद्रित गाणें घरीं शेंकडों वेळां ऐकलेला रसिक त्याच गायकाच्या जलशाला मोठ्या उत्कंठेनें जातो, महागडें तिकीट काढतो, दोन दोन तास तिष्ठत उभा राहतो. आणि परत येतांना त्याच्या मनांत एकच प्रश्न घोळत असतो : जें घरीं इतकें गोड लागलें, तें तेथें असें बेचव कां झालें? हा अनुभव सर्वच संगीतांत थोडाबहुत येतो. परंतु हिप-हॉप ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन संगीतप्रकाराच्या बाबतींत तो इतक्या वेळां येतो कीं, त्याला योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहीं. ह्यांत दोष गायकाचा, यंत्राचा, कीं खुद्द श्रोत्याचा, ह्याचा थोडा विचार करणें उद्बोधक होईल.

श्रोतेहो, त्यासाठीं प्रथम ह्या कलेची जन्मकथा ध्यानांत घेतली पाहिजे. कारण रोगाचें निदान तींतच आहे. ता. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, सेजविक रस्त्यावरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, सिंडी कॅम्पबेल नांवाच्या मुलीनें शाळेच्या नव्या कपड्यांसाठीं चार पैसे जमावे म्हणून नाचगाण्याचा एक समारंभ भरविला. तबकड्या लावण्याचें काम तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह ह्यानें पत्करलें. जमैकाहून आलेला हा तरुण डी. जे. कूल हर्क ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. गाणारा थांबतो आणि केवळ ढोल वाजत राहतात, असा जो कांहीं क्षणांचा तुकडा गाण्याच्या मध्यें येतो, तोच नाचणाऱ्यांना सर्वांत प्रिय असतो, हें त्यानें हेरलें. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून, एकीवरचा तुकडा संपतांच दुसरीवर तोच पुन्हा सुरू करावयाचा, ही युक्ति त्यानें काढली. ह्या लांबविलेल्या ठेक्यावर त्याचा मित्र कोक ला रॉक जमलेल्यांना हांका मारूं लागला, चुटके फेंकूं लागला. असल्या हांकांतूनच यमकांनीं गुंफलेलें, गाण्यापेक्षां बोलण्याला जवळ असलेलें रॅप वाढीस लागलें.

तात्पर्य, ही कला माणसांच्या मेळाव्यांत जन्मली; तबकडींत नव्हे. शुगरहिल गँग ह्या मंडळीची 'रॅपर्स डिलाइट' ही लोकप्रिय तबकडी निघाली ती १९७९ सालीं, म्हणजे तब्बल ६ वर्षांनीं. तोंपर्यंत मेळावा हेंच मूळ होतें. पुढें तबकडीचा प्रसार जगभर झाला आणि नातें उलटें झालें : तबकडी हें मूळ आणि जलसा ही तिची नक्कल, असें श्रोता धरून चालूं लागला. निराशेचें बीज येथेंच पेरलें गेलें.

आतां तें मूळ म्हणून मानलेलें मुद्रण कसें तयार होतें तें पाहावें. गायक आवाज शोषून घेणाऱ्या बंद खोलींत उभा असतो. एक ओळ बिघडली तर तेवढीच पुन्हा म्हणतां येते. दोन ओळींमधील श्वास कापून टाकतां येतो. महत्त्वाच्या शब्दांवर त्याच्याच आवाजाचे दोन-तीन थर चढवितां येतात. आणि १९९७ सालीं निघालेल्या ऑटो-ट्यून ह्या साधनानें चुकलेला सूरही जागेवर आणतां येतो. ऐकणाऱ्याला वाटतें, एक माणूस एका दमांत बोलत आहे. वस्तुतः त्याच माणसाचे अनेक प्रयत्न एकत्र शिवलेले असतात.

जलशांत हाच गायक एकटा उभा राहतो. तो व्यासपीठावर धांवतो, उड्या मारतो, आणि शिवाय श्वास घेण्यास जागाच न ठेवलेल्या ओळी त्याला म्हणावयाच्या असतात. आपल्याकडे शाहीर दमला कीं मागचे झीलकरी ओळीचा शेवट उचलून धरतात. हिप-हॉपमध्येंही हें काम करणारा साथीदार असतो. 'पब्लिक एनिमी' ह्या मंडळींतील फ्लेव्हर फ्लेव्ह त्याबद्दल विख्यात आहे. परंतु असा कसलेला जोडीदार नसला, म्हणजे पुष्कळ गायक एक सोपा मार्ग पत्करतात. स्वतःच्या आवाजासकट मूळ मुद्रण मोठ्यानें लावून द्यावयाचें, आणि त्यावर अधूनमधून एखादा शब्द टाकावयाचा. गायक स्वतःचाच झीलकरी होतो! पैसे मोजून आलेल्या माणसाला ही फसवणूक वाटली तर त्याला बोल लावतां येणार नाहीं.

दुसरें कारण पदार्थविज्ञानाचें आहे. मिनिटाला ९० ठोके पडणारा ठेका घेतला आणि प्रत्येक ठोक्यांत ४ अक्षरें बसविलीं, तर सेकंदाला ६ अक्षरें उच्चारलीं जातात. मोठ्या क्रीडागृहांत आवाजाचा घुमारा २-३ सेकंद सहज टिकतो. म्हणजे नवें अक्षर कानीं पडतें त्या वेळीं मागचीं १२ ते १८ अक्षरें हवेंत घोटाळतच असतात. संथ आलापीला असला घुमारा कधीं कधीं शोभा आणतो. रॅपचा मात्र तो चिखल करतो. शिवाय व्यंजनांचे ध्वनि मुळांत क्षीण असतात, आणि ढोलांचा खर्जांतील दणका त्यांना सहज झांकून टाकतो. ज्या कलेचा प्राण शब्दांत आहे, तिचे शब्दच ऐकूं येऊं नयेत, ह्याहून मोठी हानि ती कोणती?

तिसरें कारण गायकाच्या वृत्तीचें. मुद्रणांत तीन-चार पाहुण्यांनीं म्हटलेलीं कडवीं असतात. जलशांत ते पाहुणे नसतात, म्हणून गाणें अर्ध्यावर तोडून दुसरें धरलें जातें. एखादें गाणें घरोघर पोंचलें कीं, लहान सभागृहांतील उमेदवारी न करतांच नवखा गायक हजारोंच्या पुढें उभा केला जातो. एम्. एफ्. डूम ह्या गायकाची गोष्ट तर ह्याहून विलक्षण. तो नेहमीं धातूचा मुखवटा घालून गात असे. २००७ च्या सुमारास कांहीं जलशांत त्यानें आपल्याऐवजीं तसाच मुखवटा घातलेला दुसराच माणूस पाठविला. तो केवळ ओंठ हलवी आणि आवाज मुद्रणाचा येई. श्रोते संतापले. पुढें डूमनें ही गोष्ट लपविली नाहीं. उलट हा सारा आपल्या नाटकाचाच भाग आहे, अशी भूमिका घेतली. युक्ति चतुर खरी. परंतु मुखवटा पाहण्यासाठीं कोणी आलें नव्हतें, माणूस ऐकण्यासाठीं आलें होतें.

निराशेहूनही भयंकर असें कांहीं ह्या मार्गावर उभें आहे. शब्द पोंचत नाहींत, तेव्हां गर्दीचा आवेश हाच तमाशा होऊन बसतो. ता. ५ नोव्हेंबर २०२१ रोजीं ह्यूस्टन येथें ट्रॅव्हिस स्कॉटच्या 'ॲस्ट्रोवर्ल्ड' महोत्सवाला सुमारे ५० हजार लोक जमले होते. व्यासपीठापुढील चेंगराचेंगरींत श्वास कोंडून १० जणांचा अंत झाला. त्यांतील सर्वांत लहान मूल ९ वर्षांचें होतें. बेसूर जलशाची भरपाई दुसऱ्या जलशानें होईल. हिची कशानें होणार?

तथापि ह्यावरून ही कला जलशाला अपात्र आहे असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. १९८७ सालीं फिलाडेल्फियांत स्थापन झालेली 'द रूट्स' ही मंडळी प्रत्यक्ष वाद्यें वाजवूनच रॅप सादर करते. २००१ मध्यें जे-झी ह्यानें ह्याच मंडळींच्या साथीनें दूरदर्शनासाठीं केलेला कार्यक्रम आजही आवडीनें ऐकला जातो. कारण तेथें वादक गायकाचा श्वास पाहून वाजवीत होते. ता. १९ जून २०२४ रोजीं लॉस एंजेलिसजवळ इंगलवुड येथें केंड्रिक लामार ह्यानें 'नॉट लाइक अस' हें आपलें नवें गाणें एकाच बैठकींत ५ वेळां म्हटलें, आणि एरव्हीं वैर असलेल्या टोळ्यांतील माणसें त्याच्या भोंवतीं एका व्यासपीठावर उभीं राहिलीं. तें गाणें घरीं ऐकतां येत होतेंच. पण तो मेळावा कोणत्याही मुद्रणांत मिळण्यासारखा नव्हता.

आपल्या मुंबईंतही ही कला रुजली आहे. २०१५ चें 'मेरे गली में' हें गाणें आणि २०१९ चा 'गली बॉय' हा चित्रपट ह्यांनीं ती घरोघर नेली; मराठींतूनही रॅप होऊं लागलें. येथील होतकरू गायकांनीं ब्राँक्सच्या त्या समारंभाकडून एवढें शिकावें कीं, समोरच्या माणसाला हांक मारणें हा ह्या कलेचा पहिला धर्म आहे.

आणि श्रोत्यानें काय करावें? प्रचंड मैदानापेक्षां लहान सभागृह निवडावें. मागें मुद्रण न लावतां गाणाऱ्याला मान द्यावा, मग त्याचा एखादा शब्द अडखळला तरी हरकत नाहीं. आणि घरची तबकडी घरींच ठेवून जावें. अडखळणारा श्वास ऐकूं आला तर तो दोष समजूं नये. समोर जिवंत माणूस उभा आहे, एवढीच त्याची खूण. आणि तिच्यासाठींच तर तिकीट काढलेलें असतें.