साहेब दिसतात, पण भेटतात का?
(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अधिकाऱ्यांनी कामगारांना दिसावे, भेटावे, हा आजचा विषय. तो जाहीर होताच मागच्या रांगेतले काही कीमन बंधू हसले, ते आम्ही पाहिले. हसण्याचे कारण सगळ्यांनाच ठाऊक आहे. साहेब येणार म्हटले की आधी चुना पडतो, कुंड्या रंगतात. साहेब उतरतात, फोटो होतो, गाडी सुटते. चार किलोमीटर पुढे हातोडा घेऊन रुळाकडेला उभ्या असलेल्या माणसाला साहेब दिसतात ते काचेतून. असे दिसणे आम्ही हिशेबात धरत नाही.

आज आम्ही एक लांबचे उदाहरण घेऊन आलो आहोत. चेन्नईजवळ ओरगडम नावाची औद्योगिक वसाहत आहे. चेंगलपट्टूच्या लोकलने सिंगपेरुमाळ कोविलला उतरायचे आणि श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला लागायचे, की कारखान्यांची रांग सुरू होते. २०१० साली तिथे रेनॉ-निसानचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, २०१२ साली डेमलरचा ट्रकचा, २०१३ साली रॉयल एनफिल्डचा. आपले चाकणच समजा.

मे २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट भरात होती. तमिळनाडूत टाळेबंदी होती, पण मोटार कारखान्यांना चालू राहण्याची मुभा होती. रेनॉ-निसानच्या कामगारांची तक्रार साधी होती. पट्टा पुढे सरकतो, एकामागून एक गाडी येते, आणि काम करताना माणसे एकमेकांना खेटतात. मधे काही जागा रिकाम्या सोडा, म्हणजे अंतर राहील. सर्व नियम पाळले जात आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. २६ मेपासून कामावर येणार नाही, असे युनियनने कळवले आणि कंपनीने ३० मेपर्यंत कारखाना बंद ठेवला. शेवटी न्यायालयाच्या सांगण्यावरून सरकारी सुरक्षा अधिकाऱ्याने कारखान्याची पाहणी केली आणि दर तीन गाड्यांमागे एक जागा रिकामी सोडावी, असे सुचवले.

तीन गाड्यांमागे एक जागा! एवढ्यासाठी उच्च न्यायालय लागले. निर्णयाचा अधिकार असलेला एखादा माणूस पाळीभर त्या पट्ट्याशेजारी उभा राहून कामगारांशी बोलला असता, तर ही गोष्ट तिथेच मिटण्यासारखी होती, असे आम्हाला वाटते. गंमत अशी की जपानी कारखानदारीत ‘गेम्बा’ हा शब्द फार मानाचा. प्रत्यक्ष कामाची जागा, असा त्याचा अर्थ. व्यवस्थापकाने तिथे जाऊन पाहावे, असे त्यांची पुस्तके सांगतात.

जवळच सुंगुवरछत्रमला सॅमसंगचा कारखाना आहे. तिथे ९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेला संप ३७ दिवस चालला. पगाराच्या मागण्या होत्याच, पण मुख्य गाठ युनियनच्या मान्यतेची होती. कामगारांशी बोलायला व्यवस्थापन तयार होते, बाहेरच्या महासंघाशी जोडलेल्या युनियनशी मात्र नव्हते. त्या युनियनची नोंदणी जानेवारी २०२५ मध्ये झाली. ‘माझे दार सर्वांना उघडे आहे’ असे साहेब म्हणतात तेव्हा हे लक्षात ठेवा. त्या दारातून एकेकट्याने जायचे असते. एकटा गेलेला कामगार विनंती करतो, चौघे ठराव घेऊन गेले तर बोलणी होतात.

आपल्याकडे बोलणी करण्याची व्यवस्था आहे, ती आयती मिळालेली नाही. रेल्वेत १९५० च्या दशकाच्या आरंभापासून पी.एन.एम. आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६० च्या संपानंतर, १९६६ साली जे.सी.एम. आली. कारखान्यांसाठी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे वर्क्स कमिटीची तरतूद होती आणि २०२० च्या संहितेतही ती आहे. कागद भरपूर आहेत. पण पी.एन.एम.मध्ये एकच विषय वर्षभर ‘विचाराधीन’ राहतो, कारण समोर बसलेल्या साहेबांना मंजुरीचा अधिकारच नसतो.

इथे कोकण रेल्वेची आठवण होते. श्रीधरन यांच्या कारकिर्दीत बांधकामाच्या काळात मार्गाचे सात भाग करून महाड, रत्नागिरी, कुडाळ अशा ठिकाणी मुख्य अभियंते बसवले होते आणि त्यांना निर्णयाचे मोठे अधिकार दिले होते. डोंगर जिथे कोसळायचा, त्याच्या जवळ अधिकारी होता. कोकण रेल्वेत कामगारांचे सारे आलबेल होते असे आमचे म्हणणे नाही, पण माणूस आणि सहीचा अधिकार एकाच जागी ठेवता येतो, हे तिथे दिसले.

टपाल खात्यातील बंधू-भगिनींची तऱ्हा वेगळी. ग्रामीण डाक सेवकाला वरचा अधिकारी भेटतो तो तपासणीच्या दिवशी. कॅश मोजायला, रजिस्टर उलटायला आलेल्या माणसापुढे कोण आपले गाऱ्हाणे सांगणार? आणि हल्ली तर व्हॉट्सॲपवर साहेब चोवीस तास हजर! रात्री अकराला टार्गेटचा आकडा येतो. रजेवर बदली माणूस मागितला की मात्र दोन निळ्या खुणा उमटतात आणि शांतता.

अधिकाऱ्यांचीही अडचण आहे, ती आम्ही नाकारत नाही. सुपरवायझरच्या जागा रिकाम्या, सेक्शन लांबलचक, वर बैठकांचा मारा. म्हणून ही मागणी त्यांच्या स्वभावाविरुद्ध नाही, व्यवस्थेबद्दल आहे.

पुढच्या पी.एन.एम.साठी आम्ही असा विषय देणार आहोत : प्रत्येक गँगहटवर, लॉबीत आणि रनिंग रूममध्ये महिन्यातून एक दिवस ठरलेला असावा, त्यातला निम्मा वेळ रात्रपाळीचा असावा, आणि येणारा अधिकारी किरकोळ दुरुस्ती, क्वार्टर आणि रजा यांवर तिथेच सही करू शकणारा असावा. तक्रार तारखेसह वहीत लिहावी आणि पुढच्या भेटीत आधी जुने पान उघडावे. टपालाच्या शाखांनी आपल्या बैठकीत हाच विषय, तपासणीचा दिवस वगळून, मांडावा. गेल्या सहा महिन्यांत कोणता अधिकारी कुठे, किती वेळ आला आणि कोणाशी बोलला, याची यादी शाखा सचिवांनी पंधरा दिवसांत आमच्याकडे पाठवावी. कोणीच आले नसेल, तर तसे लिहावे.