निनावी संगणकाची ओळख

सुटे भाग जुळवून घरीच बांधलेला संगणक पुष्कळदा हस्ते-परहस्ते आपल्याकडे येतो. पेटीवर कंपनीचे नाव नसते, बांधणाऱ्याचा ठावठिकाणा नसतो. विंडोज नव्याने बसवावी, तो आवाज बंद आणि इंटरनेटही बंद! कारण प्रत्येक भागाशी बोलावयास संगणकाला एक दुभाष्या लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

तो शोधावा कसा? पेटीला विचारून उपयोग नाही, भागांनाच विचारावे. १९९२ साली आलेल्या पीसीआय पद्धतीने जोडलेला प्रत्येक भाग आपली ओळख स्वतःजवळ बाळगतो. चार चिन्हे चिप बनविणाऱ्याची, चार त्या वस्तूची. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण असलेल्या भागाच्या प्रॉपर्टीज उघडून, डीटेल्समध्ये हार्डवेअर आयडीज निवडले की ही चिन्हे दिसतात. मदरबोर्डचे नाव बहुधा त्याच्यावरच छापलेले असते; वीज तोडूनच झाकण उघडावे.

ओळख पटली की ड्रायव्हर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. इंटरनेट चालत नसेल तर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणावा. सगळे ड्रायव्हर एकदम देऊ करणाऱ्या अनोळखी स्थळांच्या मात्र वाटेस जाऊ नये. ड्रायव्हरला यंत्राच्या गाभ्यापर्यंत प्रवेश असतो, आणि मुलांच्या गुणपत्रिका, घरचा बँकव्यवहार त्याच यंत्रात असतो. दारावरच्या परक्या माणसास नावगाव विचारल्यावाचून आपण आत घेत नाही. तोच नियम येथेही पाळावा.